नदीकडे तोंड केलेले गाव

इंडोनेशियात गावाच्या कचेरीत शिरले की भिंतीवर एक मोठा फलक बहुधा दिसतोच. चारही दिशांच्या सीमा, क्षेत्रफळ, कुटुंबे किती, पुरुष किती, बायका किती, शेतीवर जगणारे किती, शाळा आणि मशिदी किती, असे सगळे त्यावर रकाने आखून लिहिलेले असते. २०१४ साली तिथे ग्रामविषयक कायदा झाला आणि २०१५पासून सरकारी निधी थेट गावांच्या हाती येऊ लागला. तेव्हापासून जमाखर्चाचा फलकही कचेरीबाहेर झळकतो. असे फलक उभ्याउभ्या वाचून काढण्याची मला खोड आहे. पण बोर्निओ बेटावरच्या दक्षिण कालिमंतान प्रांतातले ‘लोक बैंतान’ नावाचे गाव पाहिल्यावर वाटले की या गावाची ओळख कुठल्याच रकान्यात बसणारी नाही, कारण कागदावर नदी ही फार तर गावाची सीमा असते आणि इथे ती गावाचा हमरस्ता, बाजारपेठ, न्हाणीघर आणि गप्पांचा पार, असे सगळे एकदमच आहे.

ही नदी मार्तापुरा. मेरातुसच्या डोंगररांगेतून ती उतरते आणि बंजारमासिन शहरापाशी बारितो या महानदाला मिळते. लोक बैंतान शहराच्या वरच्या अंगाला, सुंगाई ताबुक तालुक्यात आहे. शहरातून अंधारातच क्लोतोक, म्हणजे इंजिन लावलेली लांबट लाकडी होडी, पकडली तर उजाडण्याच्या सुमारास गावी पोहोचता येते. वाटेत दोन्ही काठांना घरे लागतात आणि एकाही जुन्या घराने आपल्याकडे पाठ केलेली नसते. ओटा, दार, खिडकी, कुंड्या, वाळत घातलेले कपडे, पिंजऱ्यातला पक्षी, सगळे नदीच्या बाजूला. बंजार लोकांचा हा मुलूख सपाट आणि दलदलीचा. जावा समुद्राला भरती आली की नदीचे उतरते पाणी अडते, मागे रेटले जाते आणि गावातल्या ओहोळा-ओहोळांतून शेतापर्यंत चढते. त्या चढउतारावरच इथली भातशेती उभी आहे. खाचरात मातीचे उंच वाफे घालून त्यांवर संत्री लावायची आणि खाली पाण्यात भात, ही इथली जुनी रीत. बाजारातल्या होड्यांमध्ये संत्र्यांच्या राशी दिसतात त्या अशाच वाफ्यांवरून उतरलेल्या असतात.

घरे खांबांवर उभी आहेत आणि जुन्या घरांचे खांब उलिनचे. उलिन हे बोर्निओचे लोखंडी लाकूड. ते इतके जड की पाण्यात टाकले तर तळाला जाते, आणि इतके चिवट की पिढ्यान्‌पिढ्या चिखलात उभे राहूनही कुजत नाही. दोन घरांना जोडणारे फळ्यांचे अरुंद पूलही पूर्वी याच लाकडाचे होत. अशा पुलावरून पोरे सायकल दामटतात, तेव्हा फळ्यांचा जो खडखडाट होतो त्यावरून कोणाचे कार्टे चालले आहे हे घरातल्या आजीला न पाहता कळत असावे, अशी माझी खात्री आहे.

मला सर्वांत आवडला तो मात्र बातांग. नावाखेरीज त्यात मिरवण्यासारखे काही नाही. चारदोन ओंडके एकत्र बांधायचे, वर फळ्या ठोकायच्या, काठावरच्या खांबाला दोराने अडकवायचे आणि घराच्या ओट्यापासून तिथवर एक फळी टाकायची, की बातांग झाला. आपल्याकडे वाईला कृष्णा चढू लागली की घाटाच्या पायऱ्या एकेक करून पाण्याखाली जातात आणि धुणे घेऊन आलेल्या बाईला वरच्या पायरीवर सरकावे लागते. इथे मात्र घाटच पाण्याबरोबर वर येतो आणि ओहोटीला खाली उतरतो, त्यामुळे बसलेल्या माणसाचे आणि पाण्याचे अंतर बारा महिने तेवढेच राहते. सकाळी अशाच एका बातांगवर एक बाई छातीशी सारोंग बांधून कपडे घासत होती. तिच्या एका बाजूला साबणाची चपटी वडी, टूथब्रश खोचलेला प्लास्टिकचा पेला आणि तांदूळ धुतलेले पातेले. दुसऱ्या बाजूला तिचा मुलगा पाण्यात उड्या मारत होता आणि प्रत्येक उडीसरशी साबण फळीच्या फटीकडे घसरत होता. ती न बघताच हाताने तो परत ओढून घेई. क्लोतोकची लाट आली की सगळा संसार एकदा डोले आणि पुन्हा कामाला लागे. लगतच चार फळ्यांचा आडोसा करून शौचकूप बांधलेले असते, तेही थेट नदीवरच; ते हटवावे म्हणून सरकारी खटपट चालू असते आणि ती योग्यच आहे. नदीचे कौतुक करताना हा भाग गाळणारी वर्णने मला खोटी वाटतात.

लोक बैंतानचे नाव दूरवर झाले आहे ते तरंगत्या बाजारामुळे. पहाटेची नमाज झाली की आसपासच्या ओहोळांतून बायका एकेकट्या जुकुंग वल्हवत मोठ्या नदीत येतात. जुकुंग ही अरुंद होडी; तिच्यात केळी, संत्री, पालेभाज्या, मासे आणि केळीच्या पानात गुंडाळलेले गोड पदार्थ इतके खच्चून भरलेले असतात की बाईला बसण्यापुरती जागा उरते. डोक्यावर तांग्गुई, म्हणजे निपा पामच्या पानांची परातीएवढी रुंद टोपी, आणि गालांवर तांदळाच्या थंड पिठीचा पांढरा लेप, उन्हासाठी. या बायकांना सगळे आचिल म्हणतात, मावशी किंवा काकू म्हणावे तसे. बाजाराला ठरलेली जागा अशी नाही. होड्या एकमेकींना धरून राहतात आणि प्रवाह नेईल तसा सगळा घोळका सरकत जातो, भाव करता करता बाजार पुढच्या वळणावर जाऊन पोहोचतो. पैसे चालतातच, पण क्वचित दोघी आचिल आपापसांत केळ्यांच्या बदल्यात भाजी अशी अदलाबदलही करतात. गिऱ्हाईक रेंगाळले तर एखादी पांतुन म्हणते. पांतुन ही चार ओळींची यमकबद्ध रचना. पहिल्या दोन ओळींत पाना-फुलांचे, नदी-पाखरांचे काहीतरी यायचे आणि पुढच्या दोन ओळींत खरी गोष्ट, ती इथे अर्थातच संत्री घ्या ही.

पर्यटकांची क्लोतोक आली की मात्र वल्ही जोरात चालतात. आचिल तिच्या कडेला हातांनी धरून लटकतात आणि त्या गराड्यासह क्लोतोक नदीतून फिरत राहते. झुलत्या पुलावर कॅमेरे सज्ज असतात. यात काही वावगे आहे असे मी म्हणणार नाही. बंजारमासिनजवळ बारितोवर कुईनचाही असाच तरंगता बाजार होता, आणि तो साऱ्या देशाला ठाऊक होता, कारण नव्वदच्या दशकात आरसीटीआय या दूरचित्रवाणी वाहिनीच्या जाहिरातीत तिथली एक आचिल होडीतून अंगठा उंचावून दिसत असे. पुढे रस्ते झाले, माल मोटारसायकलींवरून थेट मंडईत जाऊ लागला आणि कुईनच्या होड्या घटत गेल्या. लोक बैंतानचा बाजार टिकला त्यात पाहुण्यांच्या पाकिटाचा वाटा आहेच. मला खटकते ते एवढेच, की पाहुणे नऊच्या आत परत फिरतात आणि गाव म्हणजे हा बाजारच, असे समजून जातात.

आता रस्ता इथेही आला आहे. तो घरांच्या मागून जातो, आणि त्यामुळे एक गमतीची पंचाईत झाली आहे. नवी घरे रस्त्याकडे तोंड करून बांधली जातात; जुन्या घरांना मागच्या भिंतीत दुसरे दार पडते, मोटारसायकल तिथे उभी राहते, आणि पुढचे दार कोणते याचे उत्तर नातवाकडून एक येते आणि आजीकडून दुसरे. जानेवारी २०२१मध्ये दक्षिण कालिमंतानात महापूर आला आणि हे गाव ज्यात येते त्या बंजार जिल्ह्यातली हजारो घरे पाण्यात गेली. वरच्या डोंगरांत खाणी आणि तेलताडाच्या लागवडी किती वाढल्या यावर तेव्हा पुष्कळ वाद झाले. रोजच्या भरतीला सरावलेल्या या लोकांना तेवढ्या पाण्याची सवय नव्हती.

उलिन आता दुर्मीळ आणि महाग झाले आहे, त्यामुळे नव्या घरांखाली सिमेंटचे खांब दिसतात. मोठे ओंडके मिळेनासे झाले म्हणून काही ठिकाणी बातांगही निळ्या प्लास्टिकच्या पिंपांवर तरंगू लागले आहेत. दिसायला ते वाईट दिसतात, ओंडक्यांपेक्षा अधिक डोलतात आणि उन्हाने पिंप तडकले की एका बाजूला कलतात. पण पिंप बदलायला दोन माणसे आणि अर्धा दिवस पुरतो, ओंडका आणायला मात्र आता जंगलच उरलेले नाही, तेव्हा धुणे घेऊन बसणारीची पसंती पिंपालाच असणार.