पिकअप रिकामी असताना साठच्या स्पीडला थरथरते, तर पाना उचलायच्या आधी काय बघायचं

आमची पिकअप कांदा-टोमॅटोची. निफाडकडून माल भरायचा, कसारा घाट उतरून वाशी मार्केटला टाकायचा आणि रिकामी गाडी घेऊन परत यायचं. या हिवाळ्यात गाडीने खोड धरली, येताना रिकामी असली की ६० ते ६५ च्या स्पीडला सीटखालून एक बारीक भुणभुण सुरू व्हायची, ७० च्या पुढे जरा कमी, ५५ च्या खाली गायब, आणि जाताना भरलेल्या गाडीत तर जवळजवळ नाहीच. त्याच्या जोडीला दुसरं एक, पहिल्या गिअरला गाडी उचलताना मागून एक धडधड, थोडी गती आली की बंद.

आता असं काही झालं की सल्ले देणारे भरपूर. एक म्हणतो चाकं बॅलन्स कर, दुसरा म्हणतो इंजिनचं फाउंडेशन (इंजिन ज्या रबरांवर बसतं ते) गेलं, तिसरा थेट क्लच प्लेटवर जातो. सगळेच आपापल्या गाडीच्या अनुभवावरून बोलतात, त्यांचं चुकतं असं नाही, पण प्रत्येकाचं ऐकून एकेक पार्ट बदलत गेलं तर एका सीझनची कमाई गाडीखाली जाईल आणि थरथर तशीच राहील. माझं ठाम मत आहे की गाडी जॅकवर घ्यायच्या आधी रस्त्यावर अर्धं काम होतं. थरथर कशाच्या मागे धावतेय एवढंच शोधायचं, इंजिनच्या, शाफ्टच्या (गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे फिरत जाणारा लांब दांडा) की चाकाच्या, कारण पिकअपमध्ये ही तीन वेगवेगळ्या वेगाने फिरतात.

पहिली टेस्ट गाडी उभी करून. न्यूट्रलमध्ये हळूहळू रेस द्या, ज्या आरपीएमला चालताना थरथर येते तिथपर्यंत. उभ्या गाडीत पण तशीच आली तर दोष इंजिन, फाउंडेशनचे रबर किंवा क्लचच्या भागात, मग शाफ्टकडे बघायची गरजच नाही. आमच्याकडे काही आलं नाही. मग सरळ, मोकळ्या, सपाट रस्त्यावर थरथरीच्या स्पीडला गाडी न्यूट्रल करायची आणि तशीच घरंगळू द्यायची (चावी बंद करायची नाही, इंजिन चालूच ठेवायचं, ब्रेकचा बूस्टर त्यावर आहे, आणि घाटात हा प्रयोग कधीच नाही). इंजिन आयडलवर आलं तरी भुणभुण चालूच होती, म्हणजे इंजिन बाद. तिसरी टेस्ट, तोच स्पीड वेगवेगळ्या गिअरला. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, पाच गिअरच्या बऱ्याच गाड्यांत चौथा गिअर डायरेक्ट असतो, म्हणजे इंजिन आणि शाफ्ट एकाच वेगाने फिरतात, त्यामुळे चौथ्यात दोघांत फरक कळत नाही. तिसरा आणि पाचवा वापरा. आमच्या गाडीत तिसऱ्याला पण ६० लाच आणि पाचव्याला पण ६० लाच, म्हणजे गिअरबॉक्सच्या मागचं काहीतरी.

मागे राहिलं काय, शाफ्ट, हाऊसिंग (मागच्या दोन चाकांमधला गिअरचा डबा) आणि चाकं. पुढचं चाक असलं तर बहुतेक वेळा स्टेअरिंग हलतं, मागचं काही असलं तर सीट आणि फ्लोअर. पण मागचं चाक की शाफ्ट हे अंदाजाने नाही, हिशोबाने काढता येतं आणि हा हिशोब मला फार आवडला म्हणून सविस्तर लिहितोय. टायरला खडूने खूण करा, गाडी ढकलून एक पूर्ण फेरा होऊ द्या आणि टेपने अंतर मोजा. आमचं साधारण २.१ मीटर आलं. ६० च्या स्पीडला गाडी सेकंदाला १६.७ मीटर जाते, म्हणजे चाक सेकंदाला ८ फेरे. आता हाऊसिंगचा रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्ट किती फेरे मारतो ते. पुढच्या दोन्ही चाकांना दोन्हीकडून घट्ट ओट (दगड किंवा लाकडाचा ठोकळा) लावा, मागचं एकच चाक जॅक करून स्टँडवर घ्या, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडा आणि उचललेलं चाक हाताने बरोबर दोन फेरे फिरवा. दुसरं चाक जमिनीवर थांबलेलं असल्याने या दोन फेऱ्यांत शाफ्ट जितका फिरतो तोच रेशो. आमच्यात चार फेरे आणि वर थोडंसं, ४.१ धरा. म्हणजे ६० ला शाफ्ट सेकंदाला ३२-३३ फेरे मारतो, मिनिटाला साडेएकोणीसशेच्या आसपास. सेकंदाला ८ चे धक्के माणसाला डुगडुग म्हणून कळतात, गाडी हलल्यासारखी वाटते. ३२ ची थरथर ही भुणभुण असते, सीटमधून अंगात शिरते, आरशातलं चित्र पुसट होतं. नुसत्या जाणिवेवर विश्वास नसेल तर फोन आहे. फायफॉक्स म्हणून फुकट अॅप आहे, जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठाने बनवलंय, त्यात अॅक्सलरेशन स्पेक्ट्रम नावाचा प्रकार आहे. चुलत भावाला शेजारी बसवला, फोन सीटच्या लोखंडी पट्टीला चिकटपट्टीने घट्ट बांधला (हातात धरून उपयोग नाही) आणि ६० ला गाडी स्थिर ठेवली, तर ८ पाशी जवळजवळ सपाट आणि ३२ च्या थोडं पुढे सरळ उभा सुळका. काही फोनचा सेन्सर सेकंदाला शंभरच वाचनं घेतो, मग ५० च्या वरचं त्यात खरं दिसत नाही, तेवढं ध्यानात ठेवा.

आकडा शाफ्टचा निघाला, आता खाली जायला हरकत नव्हती.

खाली गेल्यावर आधी साफसफाई. आमच्या भागातली काळी माती शाफ्टला आणि रिमच्या आतून चिकटून वाळली की तीच वजन होते. वायर ब्रश आणि डिझेलने शाफ्ट पुसून काढा, पोचा आहे का, बॅलन्सिंगची वेल्डिंग केलेली पट्टी कुठे निघून गेल्याची जागा दिसते का ते बघा. मग क्रॉस, म्हणजे शाफ्टच्या टोकाचा अधिकच्या चिन्हासारखा सांधा, चारही टोकांना बेअरिंगच्या वाट्या. शाफ्ट हाताने धरून उलटसुलट झटके द्या, क्रॉसमध्ये जरा पण खेळ दिसला किंवा वाटीच्या कडेला लाल तांबेऱ्याची भुकटी दिसली तर तो क्रॉस कोरडा पडलाय, आत निडल (सुयांसारखे बारीक रोलर) संपल्यात. ग्रीस मारताना चारही वाट्यांतून नवीन ग्रीस बाहेर यायला पाहिजे, तीनच वाट्यांतून आलं तर चौथी उपाशीच राहते आणि तिथूनच क्रॉस जातो. आमचे क्रॉस चांगले होते, थोड्याच महिन्यांपूर्वी एका गॅरेजमध्ये बदललेले. पण शाफ्टला मधे धरून ठेवणाऱ्या सेंटर बेअरिंगचं रबर खालच्या बाजूने फाटलेलं, हाताने वर दाबलं की शाफ्ट चांगला बोटभर उचलला जायचा. हे रबर गेलं की शाफ्ट आपल्या रेषेत राहत नाही, बादली दोरीला बांधून फिरवावी तसा बाहेर ओढ घेतो, स्पीड वाढला की ओढ आणखी वाढते. आणि हे घेऊन घाटात गाडी चालवू नका कळकळीने सांगतो, बेअरिंगचा ब्रॅकेट सुटून शाफ्ट रस्त्यावर पडला तर मागच्या माणसाचा पण जीव जातो.

सेंटर बेअरिंग नवीन टाकल्यावर भुणभुण बरीच गेली, सुळका निम्म्याच्याही खाली आला. पण गाडी उचलतानाची धडधड तशीच. ती क्लचची नव्हती, कारण क्लचची असती तर पाय पूर्ण सोडल्यावर थांबली असती, ही पाय सोडल्यावर पण पंधरा-वीसच्या स्पीडपर्यंत चालायची.

इथे क्रॉसचं काम कसं चालतं ते समजून घ्यावं लागलं. क्रॉस तिरका चालत असला की एका बाजूचा शाफ्ट एकसारखा फिरतो पण दुसऱ्या बाजूचा एका फेऱ्यात दोनदा पुढे पळतो आणि दोनदा मागे पडतो. १० अंशाच्या कोनाला हा फरक दोन्हीकडे दीड टक्का, ३ अंशाला हजारात दीडच्याही आत. शाफ्टला पुढे-मागे क्रॉस असतात ते याचसाठी, पुढच्याने केलेली चढउतार मागच्याने खाऊन टाकायची. पण हे तेव्हाच जमतं जेव्हा योक (क्रॉसला धरणारे दुबेळक्यासारखे तुकडे) कंपनीने जुळवलेल्या रेषेत असतात आणि कोन सारखे असतात. माती-रंग खरवडल्यावर स्लाइडिंग जॉइंटवरचे (शाफ्ट लांब-आखूड होतो त्या दातेरी सांध्यावरचे) दोन बाण दिसले आणि ते समोरासमोर नव्हते, एका दात्याने सरकलेले. क्रॉस बदलताना शाफ्ट ओढून वेगळा केला आणि घालताना खुणेकडे कुणी बघितलं नाही. क्रॉस उत्तम, ग्रीस उत्तम, पण एक दाता चुकला. तुम्ही शाफ्ट उघडायला द्याल तेव्हा आधी स्वतः पांढऱ्या रंगाची रेघ मारा, स्लाइडिंगवर आणि पिनियनच्या फ्लँजवर (शाफ्ट हाऊसिंगला जोडतो ती चकती) पण. मिस्त्रीला राग येत नाही, उलट बरं वाटतं.

बाण जुळवून शाफ्ट बसवला आणि ६० ची भुणभुण पूर्ण गेली. गाडी उचलतानाची धडधड खूप कमी झाली पण रिकाम्या गाडीत थोडी आहेच, आणि त्याचं कारण मला आता स्पष्ट दिसतंय. मागे एक जादा पाटा (स्प्रिंगची पोलादी पट्टी) टाकलेला आहे. माल भरला की गाडी बसते आणि कोन जागेवर येतो, रिकामी असली की मागचा भाग उंच राहतो आणि मागच्या क्रॉसचा कोन वाढतो, त्यात पहिल्या गिअरला जोर लागला की हाऊसिंग पिळतं आणि पिनियनचं तोंड आणखी वर जातं. जास्त माल भरायच्या लोभाने टाकलेला पाटा शाफ्ट, क्रॉस, सेंटर बेअरिंग सगळ्यांवर रोज भार टाकतो, आमच्याकडे निम्म्या पिकअपना तो असतो आणि सगळ्यांना तो फुकटचा वाटतो.

टोमॅटो संपला की पाटा काढणार आहे. फोनच्या लेव्हल अॅपने शाफ्टचा आणि पिनियन फ्लँजचा कोन रिकाम्या आणि भरलेल्या गाडीत मोजून ठेवलाय, पाटा काढल्यावर परत मोजून इथेच टाकतो. कुणी पाट्याखाली पाचर टाकून पिनियनचा कोन सुधारला असेल तर किती अंशाची टाकली आणि भरलेल्या गाडीत काय फरक पडला ते नक्की लिहा.