टोमॅटोचा उन्हाळा रात्री मोजायचा

कडक उन्हाने टोमॅटोचं झाड सहसा मरत नाही. मुळाशी ओल असेल तर पारा ४० अंशांवर गेला तरी ते हिरवंगार राहतं, वाढतं, फुलतंसुद्धा. फक्त फळ धरत नाही. देठाच्या गाठीपाशी फुलं पिवळी पडून सुटतात, मल्चिंगवर, म्हणजे वाफ्यावर अंथरलेल्या प्लास्टिकच्या कागदावर, त्यांचा सडा पडतो आणि तो बघून फवारण्या सुरू होतात: बोरॉन, संजीवकं, कुणी सांगितलेलं एखादं टॉनिक. यातला बराच खर्च पाण्यात जातो, कारण आज गळणारं फूल आजच्या उन्हाने बिघडलेलं नसतं. परागकण तयार होण्याचा नाजूक टप्पा फूल उमलण्याच्या साधारण ८ ते १३ दिवस आधी येतो, कळी जेमतेम काही मिलिमीटरची असताना. तेव्हा उकाडा लागला की परागकण पोकळ राहतात. आठवडाभराने हवा गार झाली तरी ते फूल सुधारत नाही. म्हणून फुलगळ दिसली की आधी दहा दिवसांमागच्या तापमानाची नोंद बघावी.

आणि नोंद बघताना दुपारचा आकडा बाजूला ठेवून पहाटेचा बघावा. फळधारणेचा संबंध दिवस-रात्रीच्या सरासरीशी जास्त जवळचा आहे. ही सरासरी २५ वरून २९ अंशांवर गेली की फळांची संख्या आणि वजन दोन्ही कोसळतात. एका ठिकाणी दुपारी ३६ आणि पहाटे १८ अंश, दुसऱ्या ठिकाणी दुपारी ३४ आणि पहाटे २६ अंश असं समजा. ऐकायला पहिली जागा जास्त तापलेली वाटते, पण कमाल-किमानची सरासरी काढली तर पहिलीची २७ येते, दुसरीची ३०. सेटिंग, म्हणजे फळधारणा, पहिल्या जागी होईल. रात्र २१ अंशांच्या वर राहू लागली की सेटिंग कमी व्हायला लागतं आणि २६ च्या पुढे बहुतेक वाण हात टेकतात. कमाल-किमान दाखवणारा साधा तापमापक पिकाच्या उंचीवर, सावलीत टांगून रोज सकाळी वाचणं ही या पिकातली सगळ्यात स्वस्त गुंतवणूक आहे.

म्हणूनच लागवडीची तारीख फुलोऱ्यावरून मागे मोजत काढायची. गरम हवेत रोप ट्रेमध्ये २२ ते २५ दिवसांत तयार होतं, पुनर्लागवडीनंतर २५ ते ३० दिवसांत फुलांचा पहिला घोस उमलतो. त्याच्या परागकणांचा नाजूक टप्पा लागवडीनंतर पंधरा-वीस दिवसांनी, म्हणजे बी टाकल्यापासून साधारण ४० दिवसांनी येतो. रात्री गार होण्याची सरासरी तारीख माहीत असेल तर बी तिच्या ४० दिवस आधी टाकायचं. रोप आणि वाढ उकाड्यात गेली तरी चालते, कळी उकाड्यात जाता कामा नये. हंगामाच्या दुसऱ्या टोकालाही हाच हिशेब लागतो. उकाडा सुरू होण्याआधी चार-पाच घोस धरून झालेले हवेत, कारण त्यानंतरच्या घोसांवर भरवसा नाही.

फूल उमललेलं असतानाही उष्णता आणखी एक खोडी करते. स्त्रीकेसर लांब होऊन परागकोशांच्या नळीबाहेर डोकावतो, आणि मग स्वतःचा परागही त्याच्यापर्यंत पोचत नाही. भिंगातून दहा फुलं तपासली की हा प्रकार लगेच कळतो. टोमॅटोचा पराग कंपनाने सुटतो. मधमाशीला ते कंपन जमत नाही, भुंगे मात्र ते करतात. वारा पडलेला असेल, शेडनेटमध्ये तर हमखास, तेव्हा सकाळी दव वाळल्यावर बांधणीच्या तारा काठीने हलक्या ठोकाव्यात. दुपारी ठोकून उपयोग नाही. फळ धरवणाऱ्या संजीवकांनी फळ धरतं हे खरं, पण ते बिनबियांचं, आतून पोकळ, कधी वेडंवाकडं निघतं आणि प्रतवारीत मागे पडतं. वजनावर विकायचं असेल तर पोकळ फळ परवडत नाही.

वाण निवडताना ‘उष्णता सहन करणारं’ या तीन शब्दांवर थांबू नका. असं वाण फार तर काही अंश जास्त सोसतं, उन्हाळा पुसून टाकत नाही. किती अंशांच्या रात्रीत फळ धरल्याचं पाहिलं आहे, हे बियाणं देणाऱ्याला विचारा. लहान फळांची चेरी वाणं मोठ्या फळांच्या वाणांपेक्षा सहसा बरी धरतात. पानांचा पसारा दाट असलेलं वाण घ्या, त्याची किंमत पुढे फळावर उन्हाचे चट्टे पडायला लागले की कळते. पाने गुंडाळणाऱ्या विषाणूला प्रतिकार देणारे टीवाय गटातले जनुक असलेलं वाण गरम भागात जवळजवळ सक्तीचं समजावं. सूत्रकृमींच्या, म्हणजे मुळांवर गाठी करणाऱ्या मातीतल्या बारीक कृमींच्या, बाबतीत मात्र एक फसगत होते. पाकिटावर प्रतिकारक्षम लिहिलेलं असतं, तो प्रतिकार एमआय नावाच्या जनुकाचा असतो, आणि मातीचं तापमान २८ अंशांच्या वर गेलं की हा जनुक ढिला पडतो. मुळांवर गाठी दिसल्या की बियाण्याला दोष दिला जातो, प्रत्यक्षात माती तापलेली असते.

रोपं ४० ते ५० मेशच्या (इंचाला तेवढी छिद्रं असलेल्या) कीटकरोधक जाळीतच वाढवा. पांढऱ्या माशीने रोपातच विषाणू घातला तर त्या झाडाकडून पुढे काही मिळत नाही. बारीक जाळीने हवा कोंडते, आतली उष्णता वाढते. म्हणून रोपवाटिका उंच ठेवायची आणि दुपारपुरती वर सावली ओढायची. ट्रेमध्ये कळी दिसू लागलेलं रोप फुकट मिळालं तरी लावू नये. त्याची मुळं कप्प्यात गुंडाळलेली असतात, ते खुंटतं.

गादीवाफा ३० सेंटिमीटर उंच, एका वाफ्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत दीड मीटर, दोन रोपांत ४५ सेंटिमीटर. या अंतराने एकरी सुमारे ६,००० रोपं बसतात. मल्चिंग चंदेरी-काळं घ्यायचं, चंदेरी बाजू वर. ती माती कमी तापवते आणि परावर्तित उजेडाने पांढरी माशी, फुलकिडे बिचकतात. संपूर्ण काळा कागद उन्हाळ्यात मुळं शिजवतो. आणखी एक बारीक गोष्ट अशी की कागदाखालची तापलेली हवा भोकातून वर येते आणि कोवळं खोड तिथेच भाजून रोप आडवं पडतं. बघणाऱ्याला वाटतं मर रोग लागला. भोक सात-आठ सेंटिमीटरचं घ्या, रोप लावल्यावर भोकाच्या कडा मातीने दाबा, लागवड संध्याकाळी करा आणि आदल्या दिवशी वाफा भिजवून गार करून ठेवा.

आता पाणी. अंदाजाने ‘दोन तास ड्रिप’ म्हणण्यापेक्षा एकदा आकडेमोड करून बघा. कडक उन्हाळ्यात संदर्भ बाष्पोत्सर्जन, म्हणजे हवा गवताच्या प्रमाण पिकातून आणि त्याखालच्या मातीतून ओढून घेते ते पाणी, रोज ७ मिलिमीटर धरलं आणि पीक भर फळांत असताना एफएओ या संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या १९९८ च्या ५६ क्रमांकाच्या पुस्तिकेतला टोमॅटोचा गुणांक १.१५ लावला, तर रोज ८ मिलिमीटर होतात. एका झाडाच्या वाट्याला दीड मीटर गुणिले ४५ सेंटिमीटर म्हणजे ०.६७५ चौरस मीटर जागा येते, म्हणून झाडामागे जवळपास साडेपाच लिटर. मल्चिंगमुळे ही गरज १० ते ३० टक्क्यांनी उतरते. साडेचार लिटर धरा. ३० सेंटिमीटरवर ताशी २ लिटरचे ड्रीपर असतील तर एका झाडाला तासाला ३ लिटर मिळतात, म्हणजे एकूण दीड तास. हा दीड तास एकदम द्यायचा नाही. अर्ध्या अर्ध्या तासाचे तीन हप्ते करा: उजाडता, दहा-अकराच्या सुमारास आणि दुपारी दोनला. भारी जमिनीत दोन हप्ते पुरतात. लागवडीनंतर सुरुवातीला गुणांक ०.६ असतो, तेव्हा याच्या निम्मंच पाणी लागतं. तिथे हात सैल सोडला तर मुळं वरच राहतात आणि पुढे ताण सोसत नाहीत.

हा हिशेब फक्त सुरुवातीचा आकडा देतो. खरा निकाल वाफ्यात हात घालूनच लागतो. २० सेंटिमीटर खोलीवरची माती मुठीत दाबली तर लाडू व्हावा, पण बोटांना चिखल लागू नये. वापसा म्हणतात तो हाच. दुपारी तीनला पानं माना टाकतात म्हणून घाबरून पाणी सोडू नका, मुळांचा वेग पानांच्या वेगाला तेवढ्यापुरता कमी पडतो इतकंच. संध्याकाळी झाड सावरलं तर ठीक आहे. उजाडताना पान लोंबलेलंच असेल तर मुळाशी काहीतरी बिघडलंय: एकतर कोरडं, एकतर तुंबलेलं, नाहीतर रोग. लॅटरल, म्हणजे ड्रिपची नळी, उन्हात उघड्यावर असेल तर दुपारच्या हप्त्यात सुरुवातीचं पाणी कढत येतं. ती मल्चिंगखालीच असावी.

फळाचं बूड काळं पडून आत दबणं हे बहुतेक वेळा याच पाण्याच्या चढउताराचं देणं असतं. कॅल्शियम पाण्याबरोबर वाहतं, आणि पाणी जास्त ओढतात ती पानं. उन्हात पान आणि फळ यांच्या ओढाओढीत दहा-पंधरा दिवसांचं, झपाट्याने फुगणारं फळ हरतं. मातीत कॅल्शियम भरपूर असूनही हे होतं. पानावर मारलेलं कॅल्शियम पानातून फळात फारसं जात नाही, त्यामुळे फवारणीवर विसंबू नका. हप्ते नियमित ठेवा, अमोनियमवालं नत्र कमी करा, नायट्रेटचं वाढवा. पोटॅश ओतताना आवरा, कारण ते कॅल्शियमची वाट अडवतं. क्षारही बघा. मातीच्या संपृक्त अर्काची ईसी, म्हणजे क्षार मोजणारी विद्युतवाहकता, २.५ डेसिसीमेन्स प्रति मीटरपर्यंत टोमॅटो सोसतो, त्यापुढे प्रत्येक एका अंकाला उत्पादन साधारण १० टक्के घटतं. गरम भागात बाष्पीभवन जास्त, त्यामुळे क्षार वाफ्याच्या कडेला साचत जातात. अधूनमधून एखादा लांब हप्ता नुसत्या पाण्याचा द्यावा. तो मात्र फळं पिकत आलेली असताना देऊ नका, तडकतील.

शेडनेट ३० ते ३५ टक्क्यांचं पुरे. ५० टक्क्यांच्या नेटखाली झाडं लांबोडी होतात, फुलं कमी लागतात. ऊन वाचवून उजेड घालवल्यासारखं होतं. उंची निदान तीन-साडेतीन मीटर ठेवा, बाजू उघड्या. ढगाळ दिवसांत गुंडाळता येईल अशी सोय असलेलं नेट कायमच्या ताणलेल्यापेक्षा कितीतरी सरस. नेट नसेल तर केओलिन मातीची फवारणी, लिटरला ३० ते ५० ग्रॅम, पानाफळांवर पांढरा थर देते आणि चट्टे कमी होतात. फळं विकण्याआधी धुवावी लागतात. छाटणीत हात आखडता घ्या. थंड हवेत एका खोडावर झाड नेणं शोभतं, उन्हात दोन खोडं ठेवा आणि फक्त पहिल्या घोसाखालची पानं काढा. घोसावरचं पान काढलं की त्या फळाला उघड्यावर उभं केल्यासारखं होतं. पश्चिमेकडच्या बाजूला तर फुटवा राहिला तरी राहू द्या.

कीड-रोगांपैकी इथे फक्त दोन, कारण त्यांचं निदान चुकतं. खोडाचा खालचा भाग तांबूस-तपकिरी, तेलकट दिसू लागला आणि पानं खालून वर वाळत चालली, तर पाण्याचा ताण किंवा करपा समजून बसू नका. गंजकोळी नावाचे, डोळ्याला न दिसणारे कोळी असू शकतात, दहापट भिंगाखाली दिसतात. गंधक त्यांच्यावर चालतं, पण ३२ अंशांच्या वर फवारलं तर पानंच भाजतात, संध्याकाळी मारा. दुसरं, पान हिरवं असतानाच झाड एका दिवसात मान टाकतं. खोड कापून तुकडा काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात धरा. काही मिनिटांत दुधाळ धागे सुटले तर जिवाणूजन्य मर आहे. तिच्यावर औषध नाही. झाड मुळासकट काढा, त्या ओळीचं पाणी दुसरीकडे वाहू देऊ नका. पुढच्या वेळी वांग्याच्या खुंटावर कलम केलेली रोपं लावा. तैवानमधल्या वर्ल्ड व्हेजिटेबल सेंटरने यासाठी ईजी २०३ हा वांग्याचा खुंट सुचवला आहे, तो पाणी तुंबणंही बऱ्यापैकी सोसतो.

शेवटी रंग. ३० अंशांच्या वर फळात लाल रंगद्रव्य, लायकोपीन, बनणं मंदावतं आणि पिवळं-नारिंगी तेवढं बनत राहतं. झाडावर लाल होण्याची वाट बघत बसलात तर फळ मऊ होतं, लाल होत नाही. बुडाशी गुलाबी छटा फुटली की तोडा आणि २० ते २२ अंशांत, सावलीत, हवा खेळती ठेवून पिकवा. कच्चं फळ १० अंशांखाली ठेवलं तर पुढे नीट रंगत नाही, चवही जाते. गरमीत तोडा दोन-तीन दिवसांआड घ्यावा लागतो. सकाळी दव वाळताच सुरू करून ऊन चढायच्या आत संपवा. भरलेले क्रेट बांधावर ठेवायचे असतील तर वर भिजवलेलं पोतं टाका. उन्हात तासभर राहिलेल्या क्रेटमधलं वरचं फळ हवेपेक्षाही कितीतरी जास्त तापतं, आणि तो माल दोन दिवसांनी पिचपिचीत निघतो.