तुम्ही विचारलेत म्हणून: अंतर्गोल म्हणजे कशाच्या आत?

मी सोलापुरात विज्ञान शिकवतो, त्यामुळे दहावीची मुले आणि कधी कधी त्यांचे पालकही मला हमखास विचारतात, की आरशाला आणि भिंगाला 'अंतर्गोल' म्हणतात तो गोल नेमका कशाच्या आत असतो. प्रश्न रास्त आहे. बोलताना आपण वाटोळ्या भाकरीलाही गोल म्हणतो, आणि तोच अर्थ धरून बसले तर हा शब्द उलगडत नाही.

इथला गोल संस्कृतातला आहे, म्हणजे चेंडूच्या आकाराचा. भूगोल आणि खगोल यांत तोच आहे, आणि भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या 'सिद्धान्तशिरोमणी'तील गोलाध्यायातही तोच. म्हणून अंतर्गोल पृष्ठभाग म्हणजे पोकळ गोलाची आतली बाजू. विजापूरचा गोलघुमट आपल्यापैकी पुष्कळांनी शाळेच्या सहलीत पाहिलेला असतो. आवारातून पाहिले तर घुमट आपल्याकडे फुगलेला, म्हणजे बहिर्गोल दिसतो. वरच्या सज्जात जाऊन उभे राहिले की तोच घुमट अंतर्गोल होतो, कारण आता आपण गोलाच्या आत आलेलो असतो. तिथे भिंतीशी कुजबुजलेला शब्द समोरच्या बाजूला ऐकू येतो, तोही या आतल्या वळणाला धरून आवाज पुढे सरकतो म्हणूनच.

आरशाला हे थेट लागू पडते. मुले अडतात ती भिंगापाशी. अंतर्गोल भिंगाची काच मध्ये पातळ आणि कडेला जाड असते. तिचा पृष्ठभाग ज्या गोलाचा तुकडा आहे त्याचे केंद्र काचेच्या बाहेर, पाहणाऱ्याच्या बाजूला असते, म्हणजे इथेही आपल्यासमोर गोलाची आतलीच बाजू येते. नाव एकच असले तरी काम मात्र उलटे आहे: आरसा किरण परतवून एकत्र आणतो, तर भिंगातून आरपार जाणारे किरण जाड कडेकडे वळून फाकतात. म्हणून निकटदृष्टिता असलेल्याला, म्हणजे ज्याला दूरचे अंधूक दिसते त्याला, हेच भिंग देतात, ज्याला चष्म्याच्या दुकानात मायनस नंबर म्हणतात.

इंग्रजी 'कॉन्केव्ह' लॅटिनमधल्या पोकळ या अर्थाच्या 'कॅव्हस'वरून आला. दाताची कॅव्हिटी त्याच कुळातली. त्या शब्दात गोल कुठेच नाही, आपल्या शब्दात मात्र तो आहे, आणि म्हणूनच आपला शब्द जपून वापरावा असे मला मनापासून वाटते. ज्या बहुभुजाचा एखादा आंतरकोन १८० अंशांहून मोठा असतो तो अंतर्गोल नव्हे, अंतर्वक्र (आत वळलेला), कारण तिथे गोलाचा काही संबंध नाही. गच्चीवरच्या डिश अँटेनाचा छेदही वर्तुळाचा नसून अन्वस्ताचा (इंग्रजीत पॅराबोला) असतो, तेव्हा तिलाही अंतर्वक्रच म्हणावे.