टेबलावरचा गोजिरा

माझ्या कामाच्या टेबलावर वीतभर उंचीचा रबरी गॉडझिला, जपानी सिनेमातला राक्षस, उभा असतो. येणारा प्रत्येक जण आधी विचारतो, "मुलाचा का?" माझाच आहे म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "त्या रबरी डायनासोरमध्ये तुम्हाला एवढं काय दिसतं?" परवा तुम्हीही विचारलंत. चहा संपला, उत्तर राहिलं. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

त्याचं मूळ जपानी नाव गोजिरा. आपल्या कानांना ते साजिरं-गोजिरं वाटतं, पण तिकडे ती गोरिला आणि 'कुजिरा', म्हणजे देवमासा, यांची जोडणी आहे. दिग्दर्शक इशिरो होंडांचा याच नावाचा कृष्णधवल सिनेमा ३ नोव्हेंबर १९५४ रोजी जपानात लागला. त्याच वर्षी १ मार्चला अमेरिकेने पॅसिफिक महासागरातल्या बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली आणि त्याची राख टुना पकडायला गेलेल्या एका जपानी बोटीवर पडली. बोटीचं नाव लकी ड्रॅगन! तिच्यावरच्या २३ जणांना किरणोत्साराची बाधा झाली आणि सप्टेंबरात बोटीचा रेडिओ ऑपरेटर गेला. पुढे सहा आठवड्यांत सिनेमा पडद्यावर. त्याची सुरुवात कशी होते? डेकवर खलाशी निवांत बसलेत, गाणं-बजावणं चाललंय, आणि समुद्रात डोळे दिपवणारा पांढरा लोळ उठतो. थिएटरात बसलेल्यांना तो लोळ कुठला, हे कोणी सांगावं लागलं नसणार.

मी हा सिनेमा पहिल्यांदा पाहिला तो हसायच्या तयारीने. राक्षसाचा सूट घातलेला माणूस खेळण्यातली घरं तुडवणार, आपण मजा बघणार. मग लोकल गाडीतला एक प्रसंग आला. एक तरुणी सोबतच्यांना सहज म्हणते की आधी ते किरणोत्सारी मासे, तो पाऊस, आता हा गोजिरा. नागासाकीतून कशीबशी वाचले ते यासाठी का? आवाजात रडणं नाही, भाव वाढल्याची कुरकुर असावी तसा सूर. माझं हसू तिथेच गेलं. पुढे टोकियो जळत असताना गिन्झातल्या एका भिंतीच्या आडोशाला एक आई मुलांना कवटाळून सांगते, आता आपण बाबांकडे जाणार. बाबा कुठे, हे ती सांगत नाही. युद्ध संपून नऊच वर्षं झाली होती.

आणि दवाखाना. जमिनीवर ओळीने माणसं, एका लहान मुलासमोर डॉक्टर किरणोत्सार मोजायचं यंत्र धरतो आणि नुसती मान हलवतो. राक्षसपटात एवढा वेळ जखमींवर कोण घालवतं? होंडांनी घालवला. युद्धातून परतताना हिरोशिमा त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

राहिला सूट. पहिला इतका जड झाला की त्यात चालताच येईना. तो कापून कमरेखालचा भाग फक्त पायांच्या शॉट्सना वापरला. दुसराही काही हलका नव्हता. प्रखर दिव्यांखाली हारुओ नाकाजिमा तो अंगावर घेऊन चालायचे. विशेष दृश्यं सांभाळणारे एइजी त्सुबुराया कॅमेरा जास्त वेगाने फिरवून चित्रण करायचे, म्हणजे पडद्यावर चाल संथ, वजनदार दिसते. डरकाळी कुठल्याच प्राण्याची नाही. डबल बास या माणसाएवढ्या व्हायोलिनसारख्या वाद्याच्या सैल सोडलेल्या तारांवर राळ लावलेला चामड्याचा हातमोजा ओढून, ध्वनिमुद्रणाचा वेग बदलून ती काढलीय. (हेडफोन लावून ऐका, शेजाऱ्यांना त्रास नको.)

नंतर या गोजिऱ्याचं काय काय झालं! अमेरिकेने १९५६ मध्ये मधेमधे रेमंड बर नावाचा नट घालून आपली आवृत्ती काढली. तीत नागासाकीचं वाक्यच गाळलं. जपानमध्येही दहा वर्षांत तो तीन डोक्यांच्या राक्षसाशी झुंजणारा पोरांचा लाडका झाला. त्यातले बरेचसे सिनेमे मी पळवत पाहिले. २०१६चा 'शिन गॉडझिला' मात्र सोडू नका. त्यात राक्षसापेक्षा सरकारी बैठका जास्त आहेत, आणि फुकुशिमाच्या अणुभट्टी दुर्घटनेनंतर पाच वर्षांनी त्याच जास्त भीतिदायक वाटतात. 'गॉडझिला मायनस वन'ला २०२४ मध्ये दृश्य परिणामांचं ऑस्कर मिळालं तेव्हा माझ्या टेबलावरच्या या गड्याला मी हार घातला होता. ऑफिसात बरीच चेष्टा झाली.

पण मी परत परत जाते ते पहिल्याकडेच, सेरिझावासाठी. एका डोळ्यावर पट्टी बांधलेला हा शास्त्रज्ञ. गोजिऱ्याला मारता येईल असं अस्त्र त्याच्या प्रयोगशाळेत तयार आहे आणि ते तो कोणाला देत नाही. एकदा वापरलं की सगळ्यांना हवं होईल, ही भीती. टीव्हीवर शाळकरी मुलींची प्रार्थना ऐकून तो विरघळतो, पण आधी कागद जाळतो. मग समुद्राच्या तळाशी जाऊन अस्त्र सोडतो आणि स्वतःची हवेची नळी कापतो, कारण सूत्र अजून त्याच्या डोक्यात असतं. वर बोटीवर शेवट जल्लोषात होत नाही. सिनेमातले म्हातारे प्राचीन-जीव अभ्यासक डॉक्टर यामाने पुटपुटतात की चाचण्या चालू राहिल्या तर असा आणखी एक कुठेतरी वर येईल.

९६ मिनिटांचा आहे. रविवारी या, लावते.