जलमानवाचं चिलखत
आजचा अख्खा रविवार जलमानवाच्या चिलखतात गेला! बालनाट्याची ऑर्डर आहे. दिग्दर्शकांचा हट्ट एकच, योद्धाही वाटला पाहिजे आणि मासाही.

छातीवरचे खवले ५ मिलिमीटरच्या ईव्हीए फोमचे, म्हणजे चपलांच्या तळव्यात असतो तसल्या हलक्या, रबरासारख्या फोमचे. कौलांसारखे खालच्या ओळीपासून वर चिकटवत जायचे, म्हणजे वरची ओळ खालचीचा जोड झाकते. गरम हवा सोडणारी हीट गन फिरवली की फोमची बारीक भोकं मिटतात आणि रंग आत शोषला जात नाही. आधी काळा, त्यावर हिरवा-निळा, शेवटी कोरड्या ब्रशने फक्त कडांना सोनेरी. लाइट पडला की अस्सल पितळ!

खांद्यावर खरे शिंपले हवे होते म्हणे. मी साफ नाही म्हटलं. वजन किती होतं, आणि पोरगं पडलं तर? फोमचेच कोरले.

एका पालकांनी विचारलं, "हे घालून पोहता येईल का हो?" अहो, फोम तरंगतो! बुडी मारायला गेलात तर वरच ढकलणार. पाण्यातल्या पोशाखाला सिलिकॉन वापरतात. त्याचा खर्च सांगितल्यावर विषय तिथेच मिटला.

शेपटीचं अजून ठरायचंय. पोराला स्टेजवर चालायचंय, त्यामुळे पाय मोकळे ठेवून मागून नुसती झालर सोडावी, असं माझं मत. दिग्दर्शक ऐकतील असं वाटत नाही.