खिळ्याला टांगलेला बॅज

"अंगावर लावला अन् हरवला, तर पगारातून कापतात ना, दादा!" एक्स-रे काढणारा पोरगा हसत म्हणाला.

आईचा गुडघा दाखवायला आज जळगावला गेलो होतो. त्याचा टीएलडी बॅज, म्हणजे अंगावर किती किरणं पडली ते मोजणारा बिल्ला, भिंतीवर, शिशाच्या ॲप्रनशेजारी. दर 3 महिन्यांनी तो तपासायला जातो म्हणे. म्हणजे खिळ्याला किती किरणं लागली, तेच कळत असणार!

शिकलास कुठे? "आधीच्या भाऊंनी दाखवलं, दोन दिवस." एईआरबीच्या, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाच्या, नियमात तर मशीनवर प्रशिक्षित माणूसच हवा. 5 वर्षांची सरासरी धरून वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट (किरणांची मात्रा मोजायचं एकक) ही त्याची मर्यादा, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

मला मात्र त्यानं आठवणीनं बाहेर काढलं, दार लावून घेतलं. नंतर आई म्हणाली, बटण दाबताना तो तिच्या शेजारीच उभा होता.

"अन् ॲप्रन रे?"

"जड लागतं, दादा."