पिवळं-लाल आणि काळं

ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा म्हणजे आमची खरी दिवाळी. बेळगावात, शहापूर भागात, माझं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. 1 नोव्हेंबरला चन्नम्मा सर्कलला राज्योत्सव, म्हणजे कर्नाटकाचा स्थापना दिन, पिवळ्या-लाल झेंड्यांचा. आणि त्याच सकाळी संभाजी उद्यानापासून काळ्या दिनाची सायकल फेरी, बेळगाव महाराष्ट्रात गेलं नाही म्हणून मराठी लोकांच्या निषेधाची. दोन्हीकडची गिऱ्हाइकं माझ्याकडंच येतात. पिवळं-लाल निघालं की त्याच मशीनवर काळं चढतं. आजवर कुणाचं काही अडलेलं नाही.

तीन वर्षांमागं एक पोरगं पेन ड्राईव्ह घेऊन आलं. आपलंच, मराठी. फाईल उघडली तर चार दुकानदारांची नावं, गल्लीसकट, आणि खाली ‘यांचे हात तोडा’. माझ्याकडं डिझाईनला असलेला कामगार पोरगा कन्नड आहे, पण मराठी माझ्यापेक्षा शुद्ध टाईप करतो. त्यानं नुसतं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, हे होणार नाही. “तुम्ही मराठी की कोण?” असं ओरडून ते गेलं. पुढच्याच आठवड्यात एक कन्नड गिऱ्हाईक ‘मराठ्यांना हाकला’ घेऊन आलं, त्यालाही परत पाठवलं. तो जाताना “अण्णा, पोटात दुखतंय काय?” म्हणून हसला. (दुखत होतं. दोन्ही वेळा आगाऊ पैसे परत द्यावे लागले.)

आता दुसरी गोष्ट. ‘बेळगावसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ एवढाच मजकूर असलेला बॅनर मी छापला, तर एक साहेब चौकशीला आले. यानं भावना भडकतात म्हणे. मी म्हटलं, साहेब, महाराष्ट्र सरकारनं 2004 साली सुप्रीम कोर्टात दावा घातलाय, त्यात हेच मागितलंय. कोर्टात मागितलेलं चौकात मागितलं तर गुन्हा कसा? त्यांनी माझा नंबर लिहून घेतला आणि चहा पिऊन गेले.

म्हणून डिसेंबर 2025 मध्ये इथंच, आमच्या सुवर्ण विधानसौधमध्ये, कर्नाटक विधिमंडळात, द्वेषपूर्ण भाषणाविरुद्धचं विधेयक मंजूर झालं तेव्हा कट्ट्यावर सगळे घाबरले. एक ते सात वर्षं शिक्षा, आणि कारणांच्या यादीत भाषाही. “हे आपल्यावरच वापरणार बघ.” खरं तर भाषा कायद्यात आधीपासून आहेच. जुन्या दंडसंहितेत 153अ होतं, आता न्यायसंहितेत 196 आहे, तीन वर्षांपर्यंत कैद. पण भीतीही खोटी नाही. कलम कुणावर लावायचं हे ठरवणारे साहेब तेच, चहा पिऊन गेलेले.

मला कायदा नको असं नाही. 2015 साली सुप्रीम कोर्टानं आयटी कायद्यातलं, ऑनलाइन मजकुरावरचं 66अ कलम रद्द केलं तेव्हा तीन गोष्टी वेगळ्या काढल्या: चर्चा, एखाद्या मताचा पुरस्कार, आणि चिथावणी. पहिल्या दोन कितीही झोंबल्या तरी चालू द्यायच्या, कायद्यानं हात घालायचा तो तिसरीला. माझ्या दुकानाचं मापही तेच निघालं. वाचणाऱ्याला राग आला तर येऊ दे. पण बॅनर त्याच्या हातात दगड देऊन घराचा पत्ता सांगत असेल, तर तो छापणारा आणि छापून घेणारा दोघं आत गेले पाहिजेत. आपला असला तरी.

एवढं म्हणतो, आणि मग डिसेंबर 2022 आठवतं. हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगड पडले, तिकडं पुण्यात कर्नाटकाच्या बसना काळं फासलं. ‘ट्रक फोडा’ असा बॅनर माझ्याकडं कुणी टाकला नव्हता. आठ-दहा दिवस नुसतं ‘हे लोक असलेच’ एवढंच सगळीकडं चाललं होतं. त्यात हुकूम नाही, पत्ता नाही. माझ्या मापात ते बसत नाही. तरी ‘हे लोक असलेच’ म्हणणाऱ्याला सात वर्षं आत टाकायचं म्हटलं तर आमची अर्धी गल्ली जाईल. माझा भाऊ पहिला.

नाकारलेले मजकूर मी काढून टाकत नाही. कॉम्प्युटरवर ‘नको’ नावाचं एक फोल्डर आहे, त्यात तीन मराठी, दोन कन्नड. परवा पोरगा म्हणाला, “अण्णा, हे डिलीट करू काय? उद्या कुणी बघितलं तर आपणच छापलं म्हणतील.”

थांब म्हटलंय त्याला.